आठ जण, दोन शाकाहारी आणि एक महागडं कँटोनीज रेस्टॉरंट: जेवण कसं मागवावं?

प्रश्न असा आहे: आम्ही आठ जण हाँगकाँगमधल्या एका नावाजलेल्या कँटोनीज रेस्टॉरंटमध्ये रात्री जेवायला जाणार आहोत. दोघं पूर्ण शाकाहारी आहेत. मेनू वाचून फारसा बोध होत नाही. किती डिशेस मागवाव्यात, कोणत्या, आणि टेबलावर काय सांभाळावं?

मेनू वाचून बोध होत नाही यात तुमचं काही चुकत नाही. अशा ठिकाणचं मेनू कार्ड म्हणजे स्वयंपाकघर काय काय करू शकतं याची नुसती यादी असते. त्यातून जेवण जुळवायचं ते कॅप्टनशी, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या वरिष्ठ वेटरशी, बोलून, आणि शक्यतो आधीच, फोनवर. प्रत्येकाने आपापली एक डिश सांगायची ही पद्धत इथे चालवलीत तर बिल तेवढंच येईल, पण टेबलावर चार तळलेल्या डिशेस आणि तीन सारख्या तपकिरी सॉसमधल्या डिशेस जमा होतील.

फोन किमान दोन दिवस आधी करा. या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी ऐन वेळी होत नाहीत. पेकिंग डकचं उदाहरण घ्या. बदकाची कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरून कातडी सुटी करतात, वरून उकळतं पाणी ओततात म्हणजे ती ताणली जाते, मग माल्टोज सिरपचा हात देऊन बदक टांगून ठेवतात. एक अख्खी रात्र तरी, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त. वाळवण कमी पडलं तर भट्टीत कातडी कुरकुरीत न होता चिवट होते, आणि ते नंतर कुठल्याही आचेने सुधारत नाही. म्हणून रोज मोजकीच बदकं तयार असतात. अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू, मातीत लिंपून भाजलेली बेगर्स चिकन, अनेक तास बंद भांड्यात वाफेवर होणारं डबल-बॉइल्ड सूप, सगळ्यांची हीच गत. सुकवलेल्या अबलोनीचे (हा एक महागडा समुद्री शिंपला) तर भिजवण्यातच एक-दोन दिवस जातात.

फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. स्वतंत्र खोली हवी असेल तर तिच्यासाठी किमान खर्चाची अट असते, ती किती. आणि स्वतःची वाइन नेणार असाल तर बाटलीमागे कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडू देण्याचा आकार, किती.

आता शाकाहाराचं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. कँटोनीज स्वयंपाकाचा पाया म्हणजे मेनूवर ज्याला सुपीरियर स्टॉक म्हणतात ते पाणी: जून कोंबडी, पोर्क आणि जिनहुआ हॅम (खारवून वाळवलेली डुकराची मांडी) अनेक तास उकळून गाळलेलं. हा स्टॉक सूपपुरता नसतो. नुसत्या परतलेल्या पालेभाजीत पळीभर तोच पडतो, टोफूच्या रस्स्यात तोच, मशरूम शिजतात तेही त्यातच. कोणी फसवत नसतं. आचाऱ्याच्या लेखी ते पाण्याच्या जागी असतं. त्यामुळे "यात मांस आहे का?" असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर "नाही" असंच येतं. विचारायचं ते असं: "स्टॉक कशाचा?"

दुसरं लपलेलं नाव ऑयस्टर सॉस. हा शिंपल्यांच्या अर्कापासून होतो आणि पालेभाज्यांवर सर्रास पडतो. त्याऐवजी मशरूमचा सॉस मिळतो, मागावा लागतो. एक्सओ सॉसमध्ये सुकी कोळंबी, सुके स्कॅलप आणि बहुधा हॅम असतो. फरसबीसोबत पोर्कचा खिमा किंवा सुकी कोळंबी असते. पेस्ट्रीच्या पदरांमध्ये डुकराची चरबी वापरण्याची जुनी पद्धत आहे. उलट सेचुआनच्या फिश-फ्रेग्रंट वांग्यात मासा अजिबात नसतो, पण पोर्कचा खिमा बहुतेक वेळा असतो. नावावरून काहीही ठरवू नका.

कँटोनीजमध्ये शाकाहारी जेवणाला "जाय" म्हणतात. "सिक जाय" म्हणजे शाकाहार करणं. हा शब्द बौद्ध परंपरेतला, त्यामुळे तो वापरलात तर कांदा-लसूणही बहुधा वगळला जाईल. तुमच्या दोघांना कांदा-लसूण चालत असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर जेवण विनाकारण मिळमिळीत होईल. गंमत म्हणजे शिंपले जायमध्ये चालतात असं मानणारेही आहेत, तेव्हा ऑयस्टर सॉस नको हे वेगळं सांगाच. अंड्याचंही वेगळं सांगायचं. आणि तळणाचं तेल व वोक (परतायची खोलगट कढई) वेगळा हवा असेल तर तेही आधीच विचारा. वोक धुऊन देतात, पण तळणीचं वेगळं तेल प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही.

अशा पूर्वसूचनेवर चांगलं स्वयंपाकघर दोघांसाठी खरोखर उत्तम जेवण करतं: सोयाबीनच्या मोडांचा आणि सुक्या शिटाके मशरूमचा स्टॉक, त्यातलं बांबू फंगसचं सूप, अनेक प्रकारचे मशरूम, गिंकोच्या बिया आणि टोफूच्या पट्ट्या घातलेलं लो हान जाय, कुरकुरीत टोफू, कमळकाकडी. हे सगळं त्या दोघांसमोर ठेवायला सांगा, टेबलाच्या मध्यावरच्या फिरत्या काचेवर नको. काचेवर ठेवलं की दोन फेऱ्यांत कोणाचा तरी बदक लागलेला चमचा त्यात जातोच.

किती मागवायचं? सहा मांसाहारींसाठी सात-आठ गोष्टी पुरतात, भात-नूडल्स धरून, गोड सोडून. मेनूवरचा नेहमीचा आकार साधारण चार ते सहा जणांना वाटून खाण्याइतका असतो. मोठा आकार कॅप्टनला विचारल्याशिवाय घेऊ नका. एक बारीकशी गोष्ट: कँटोनीज रिवाजात अंत्यविधीनंतरच्या जेवणात सात डिशेस असतात, म्हणून आनंदाच्या जेवणात मोजून सात डिशेस टाळतात. आठ शुभ. पाहुण्यांमध्ये स्थानिक मंडळी असतील तर हे लक्षात ठेवा.

निवडताना पदार्थांच्या नावांपेक्षा कृती मोजा. एक थंड, एक भाजलेली, एक उकडलेली, एक वोकवर परतलेली, एक मंद आचेवर शिजवलेली, आणि तळलेली फार तर एक. मुख्य घटकही पुन्हा नको. तुमच्या टेबलासाठी मी असं जुळवेन: सुरुवातीला चार सिऊ (गोडसर भाजलेलं पोर्क; यातला "चार" हा आकडा नव्हे) किंवा दुसरं भाजलेलं मांस आणि सोबत थंड जेलीफिश किंवा काकडी, मग प्रत्येकाच्या वाटीत डबल-बॉइल्ड सूप, त्यानंतर पेकिंग डक, मग वोकवरची एक डिश, बीफ किंवा स्कॅलप, टोफूची मंद शिजलेली एक, वाफवलेला अख्खा मासा, पालेभाजी, जी मशरूमच्या स्टॉकमध्ये केली तर आठही जण खातील, आणि शेवटी भात किंवा नूडल्स. गोड वेगळं. स्वीट अँड सावर पोर्क, सॉल्ट अँड पेपर स्क्विड आणि क्रिस्पी चिकन ही तिन्ही एकाच जेवणात मागवली की तिसरी डिश आल्यावर सगळ्यांचे हात थांबतात. तिन्ही चांगल्या असूनही.

चार सिऊ मागवताना अर्धं चरबीचं, अर्धं बिनचरबीचं असं सांगा. नुसतं बिनचरबीचं कोरडं लागतं, आणि आचारीही हळहळतो.

मासा हा या जेवणातला सगळ्यात कडक पेपर. टाकीतला जिवंत मासा दाखवून, वजन करून, मग वाफवतात. मेनूवर किंमत नसते. "बाजारभाव" लिहिलेलं असतं. इथे दोन प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नका: दर कशाचा, आणि या माशाचे एकूण किती होतील. हाँगकाँगमध्ये सागरी मालाचं माप कॅटी, म्हणजे सुमारे 605 ग्रॅम, आणि टेल, म्हणजे कॅटीचा सोळावा भाग, सुमारे 38 ग्रॅम. दर टेलचा असेल आणि तुम्ही तो कॅटीचा समजलात तर बिल सोळापट होतं. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे चीनच्या मुख्य भूमीवरची जिन ही 500 ग्रॅमची असते, त्यामुळे दोन शहरांतले दर थेट ताडून पाहू नका.

सहा जणांना 700 ते 800 ग्रॅमचा ग्रूपर पुरतो. फार मोठा मासा घेण्यात शहाणपण नाही: बाहेरचं मांस शिजून जातं तेव्हा कण्याजवळचं अजून कच्चं असतं. 600-700 ग्रॅमचा मासा भरपूर वाफेवर आठ ते दहा मिनिटांत होतो. ताटलीत साचलेलं पाणी आचारी ओतून देतो, कारण उग्र वास त्यात असतो. मग वर कांद्याच्या पातीचे आणि आल्याचे बारीक धागे, त्यावर धूर येईपर्यंत तापवलेलं तेल, आणि कडेने किंचित गोडसर केलेला हलका सोया सॉस. बरोबर झालेला मासा ओळखायचा असा: चॉपस्टिक लावल्यावर मांस मोठ्या ओल्या पाकळ्यांनी सुटतं, पण कण्याला जरासं धरून असतं, आणि तिथे अगदी हलकी गुलाबी झाक दिसते. आपोआप गळून पडत असेल आणि पाकळ्या कोरड्या असतील तर एक-दोन मिनिटं जास्त झाली. ताटलीच्या तळाशी पांढरट पाणी साचलेलं असेल तर ते ओतून द्यायचं राहिलं. या दर्जाच्या ठिकाणी अशा वेळी शांतपणे सांगायला हरकत नाही.

माशाचं तोंड मुख्य पाहुण्याकडे ठेवतात आणि गालाचं मांस त्याला वाढतात. वरची बाजू संपली की मासा उलटा करायचा नाही. उलटा मासा म्हणजे उलटलेली होडी, अशी कोळ्यांची जुनी समजूत आहे. काटा शेपटीकडून उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचं मांस घ्यायचं. बहुधा वेटर हे स्वतः करून देईल.

बदक मात्र उत्तरेचं, बीजिंगचं. तिथे दोन घराणी आहेत: बंद भट्टीत भाजणारं बिआनयीफांग, जे स्वतःची स्थापना 1416 ची सांगतं, आणि उघड्या भट्टीत फळझाडांच्या लाकडावर टांगून भाजणारं छुआनज्यूदे, 1864 पासूनचं. हाँगकाँगची मोठी रेस्टॉरंटं हे बदक आपल्या पद्धतीने वाढतात. ते गाडीवर येतं, समोर कापलं जातं, आणि इथे वेळेला किंमत आहे. कापल्यावर दहाएक मिनिटांत आतली वाफ आणि चरबी कातडी मऊ करते. फोटो कापण्याआधी काढा. पहिला तुकडा नुसत्या कातडीचा, साखरेत टेकवून; मग पातळ चपटी पोळी हातावर घेऊन त्यावर गोड सॉसचं एक बोट, दोन-तीन तुकडे, कांद्याची पात, काकडीची काडी, खालची कड आधी दुमडून गुंडाळी. सॉस जास्त झाला की बाकी काही लागत नाही, आणि नवशिक्यांचा हात तिथेच सैल सुटतो. उरलेल्या मांसाचं काय करायचं हे आधीच विचारतील: बारीक कापून परतून लेट्यूसच्या पानात घेतलं तर बदकाची दुसरी डिश होते. सांगाड्याचं सूपही करतात, पण तुमच्याकडे सूप आधीच आहे.

वोकवरची डिश आली की बोलणं थांबवून आधी ती वाढून घ्या. तीव्र आचेवर तेल आणि रस जळून जो धुरकट सुगंध येतो त्याला कँटोनीजमध्ये "वोक हेय" म्हणतात, आणि तो ताटलीत काही मिनिटंच टिकतो. टेबल स्वयंपाकघरापासून लांबच्या मजल्यावर असेल तर वोकऐवजी वाफेच्या आणि मंद शिजलेल्या डिशेसवर भर द्या.

सुकवलेल्या महागड्या वस्तूंबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या भेटीत पैसे तिथे घालू नका. अबलोनी "हेड"वर विकतात, म्हणजे एका कॅटीत किती नग बसतात. आकडा जितका लहान तितका नग मोठा आणि महाग. त्याची चव आणि डिंकासारखं चिकट-मऊ मध्य कळायला आधी चार ठिकाणी खाल्लेलं असावं लागतं. शार्क फिनला स्वतःची चव नसते. चव असते ती त्याच सुपीरियर स्टॉकची. हाँगकाँग सरकारने 2013 मध्ये सरकारी मेजवान्यांतून ते काढून टाकलं, तुम्हीही टाळा. स्टॉकची खरी करामत बघायची असेल तर त्याच पैशांत उत्तम डबल-बॉइल्ड सूप मिळतं.

बसण्याचं सोपं आहे. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, दाराला पाठ असलेली सगळ्यात खालची. यजमान सांगेपर्यंत बसू नका. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकापुढे चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या असतात: एक सगळ्यांच्या ताटलीतून घ्यायला, दुसरी तोंडात घालायला. 2003 च्या सार्स साथीनंतर ही सवय पक्की झाली. रंग वेगळे असतात, पण कोणता कशाचा हे ठिकाणागणिक बदलतं, म्हणून सुरुवातीलाच विचारा. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत, ते मृतासाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. वाटीवर वाजवू नका, ताटलीत उकरून हवा तो तुकडा शोधू नका. वरचा, आपल्याकडचा घ्या. कोणी वाढून घेत असताना काच फिरवायची नाही. हाडं-काटे छोट्या ताटलीत. भाताची वाटी उचलून तोंडाशी नेणं बरोबरच आहे, ताटली उचलणं नाही.

भात शेवटी येतो, आणि तो लवकर मागू नका. मेजवानीत आधीच भात मागितला तर डिशेस कमी पडल्या असा अर्थ होतो. शाकाहारी दोघांना भाताबरोबरच जेवायचं असेल तर कॅप्टनला तेवढं बाजूला सांगून ठेवा, त्यात गैर काही नाही.

चहा बसल्याबसल्या विचारतात. तळलेलं आणि बदक असेल तर पू-अर, ज्याला तिथे बो-ले म्हणतात. वाफवलेलं जास्त असेल तर तिएक्वानयिन ऊलोंग. जास्मिन कुठेही चालतो. किटलीतलं पाणी संपलं की झाकण अर्धवट बाजूला ठेवायचं, वेटर न बोलवता भरून नेतो. कोणी तुमच्या कपात ओतलं तर दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवा, ते आभार. आधी दुसऱ्यांचे कप भरायचे, मग स्वतःचा. साध्या खानावळीत लोक चहाने वाट्या-चॉपस्टिक्स विसळतात. इथे तसं करू नका, वेटरला ते लागेल. टोस्टच्या वेळी आपल्या ग्लासची कड वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाच्या ग्लासपेक्षा जराशी खाली ठेवा. न पिणाऱ्यांनी चहाचा कप उचलला तरी पुरतं.

डिम सम, म्हणजे टोपल्यांतून येणारे वाफवलेले-तळलेले छोटे पदार्थ, मात्र रात्री शोधू नका. तो सकाळ ते दुपारचा प्रकार. रात्री क्वचित मिळतो. वेगळ्या दिवशी दुपारी जा आणि आधी हार गाव, म्हणजे कोळंबी भरलेले वाफवलेले मोदकासारखे डंपलिंग, मागवा. पारदर्शक आवरणाला किमान सात चुण्या असाव्यात, उचलताना ते फाटू नये, टोपलीच्या कागदाला चिकटू नये. ते जमलं असेल तर बाकीचंही जमतं.

बिल यजमानाचं, म्हणजे ज्याने बोलावलं त्याचं. स्थानिक माणसांनी तुम्हाला बोलावलं असेल तर एकदा आग्रह करा आणि सोडून द्या. तुम्ही बोलावलं असेल तर गोड यायच्या आधी उठून बाहेरच कार्ड देऊन या, टेबलावरची ओढाताण वाचते. बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज असतो, त्यावर वेगळी टिप द्यायची गरज नाही, सुटे तेवढे ठेवा. चहाचे माणशी पैसे लागतात. सुरुवातीला न मागता ठेवलेले दाणे किंवा लोणचं यांचेही लागतात. नको असतील तर हात लावायच्या आधी परत द्या. माशाचं वजन बिलावर लिहिलेलं असतं, ते तुम्हाला दाखवलेल्या वजनाशी ताडून पाहा. उरलेलं बांधून देतात, कोणी त्याला कमी लेखत नाही. फक्त मासा आणि बदकाची कातडी बांधू नका, दुसऱ्या दिवशी दोन्ही खाण्यासारखी राहत नाहीत.